सार्कची गोष्ट: एक एन्झाइम पेशीचा कारभार बदलतं, हे कळायला ऐंशी वर्षं का लागली?

कर्करोगावरचा कुठलाही शोधनिबंध उघडा. सारांशात एक वाक्य हमखास भेटतं: अमुक एन्झाइमची क्रिया वाढली की इतक्या जनुकांची अभिव्यक्ती बदलते आणि तितकी प्रथिनं वर-खाली होतात. वाचायला सोपं वाटतं. पण या एका वाक्यात निदान तीन वेगळे दावे दडलेले असतात. पहिला, ते एन्झाइम पेशीत काहीतरी करतं. दुसरा, त्यामुळे काही जनुकांचा आरएनए कमी-जास्त होतो. तिसरा, त्यामुळे प्रथिनंही बदलतात. हे तिन्ही दावे सिद्ध करायला वेगवेगळे प्रयोग लागतात, आणि पहिला खरा ठरला म्हणून पुढचे दोन आपोआप खरे ठरत नाहीत.

हे नीट समजून घ्यायचं असेल तर आजच्या एखाद्या चकचकीत निबंधापेक्षा जुन्या इतिहासाकडे जाणं बरं. म्हणून आज सार्क या एन्झाइमची गोष्ट. इंग्रजीत याचं नाव एस-आर-सी अशा तीन अक्षरांत लिहितात, पण प्रयोगशाळेत सगळे 'सार्क'च म्हणतात, कारण ते 'सार्कोमा' या शब्दावरून आलंय. दक्षिण आशियाई देशांच्या संघटनेशी त्याचा काही संबंध नाही. मुलाखतीत 'एसआरसी' म्हणालात तरी चालेल, पण समोरचा 'सार्क' म्हणाला तर गोंधळू नका.

कोंबडीची गाठ

१९०९ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये पेटन राऊस या तरुण संशोधकाकडे प्लिमथ रॉक जातीची एक कोंबडी आली. तिला मोठी गाठ होती. राऊसने त्या गाठीचे तुकडे त्याच वाणाच्या दुसऱ्या कोंबड्यांमध्ये लावून पाहिले आणि गाठ वाढली. इथपर्यंत फार नवल नव्हतं. मग त्याने गाठ वाटली, तो रस अशा बारीक गाळणीतून गाळला की त्यातून पेशी किंवा जिवाणू पलीकडे जाऊच शकत नाहीत, आणि तो पेशीविरहित रस निरोगी कोंबडीला टोचला. तरीही गाठ आली. १९११ साली हे प्रसिद्ध झालं.

याआधी, १९०८ साली, कोपनहेगनमध्ये एलरमन आणि बँग यांनी कोंबड्यांमधला रक्ताचा कर्करोग असाच गाळलेल्या रसातून पसरतो हे दाखवलं होतं. पण तेव्हा तो आजार कर्करोगात गणलाच जात नव्हता, त्यामुळे कुणी फारसं लक्ष दिलं नाही. राऊसच्या बाबतीत आक्षेप वेगळा होता: कोंबडीत होत असेल, माणसाचं काय? उंदरांवर तसेच प्रयोग करून पाहिले, ते जमले नाहीत, आणि राऊस कित्येक वर्षं या विषयापासून दूर गेला. त्याला नोबेल मिळालं १९६६ साली, वयाच्या ८७व्या वर्षी. मूळ निबंधाला तेव्हा ५५ वर्षं झाली होती.

ही कथा सहसा 'प्रतिभावंताची उपेक्षा' म्हणून सांगतात. मला त्यातला दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा वाटतो. राऊसचा निष्कर्ष बरोबर होता, पण पुढचा प्रश्न विचारायला लागणारी साधनंच तेव्हा नव्हती. गाळणीतून गेलेल्या त्या 'कशात' नेमकं काय आहे, हे पाहायला पेशी काचेच्या बशीत वाढवता यायला हव्या होत्या.

बशीतला कर्करोग

ते जमलं १९५८ साली. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये हॉवर्ड टेमिन आणि हॅरी रुबिन यांनी कोंबडीच्या गर्भातल्या पेशींचा पातळ थर बशीत वाढवला आणि त्यावर राऊसचा विषाणू टाकला. जिथे विषाणू शिरला तिथे पेशी गोलसर झाल्या, एकमेकींवर चढून ढीग करू लागल्या. ते ढीग मोजता येत होते. जितका विषाणू जास्त, तितके ढीग जास्त. कर्करोगासारखं गुंतागुंतीचं प्रकरण आता मोजता येणारी गोष्ट झाली.

इथे एक शब्द लक्षात ठेवा: रूपांतर. विषाणूमुळे पेशीचा आकार, चिकटण्याची पद्धत आणि वाढण्याची शिस्त बदलते, त्याला रूपांतर म्हणतात. पुढची सगळी गोष्ट या रूपांतराचं कारण शोधण्याची आहे.

१९७० हे वर्ष या गोष्टीत दोनदा येतं. पहिलं, टेमिन आणि मिझुतानी यांनी, तसंच स्वतंत्रपणे डेव्हिड बाल्टिमोर यांनी, आरएनएवरून डीएनए बनवणारं एन्झाइम या जातीच्या विषाणूंमध्ये असल्याचं दाखवलं. म्हणजे आरएनएचा विषाणू स्वतःची डीएनए प्रत बनवून पेशीच्या डीएनएत कायमचा बसतो, ही टेमिनची आधी कुणी न मानलेली कल्पना खरी ठरली.

दुसरं, बर्कलीमध्ये स्टीव्हन मार्टिनने राऊसच्या विषाणूचा एक खास म्युटंट शोधला. हा विषाणू ३६ अंश सेल्सिअसला पेशींचं रूपांतर करायचा. ४१ अंशांना पेशी साध्या दिसायच्या, पण विषाणूची स्वतःची वाढ चालूच राहायची. आणि रूपांतरित पेशी उष्ण ठिकाणी हलवल्या तर त्या पुन्हा साध्या दिसू लागायच्या.

मार्टिनच्या या एका प्रयोगातून तीन गोष्टी कळल्या. रूपांतर करणारा विषाणूचा भाग आणि विषाणूला वाढवणारा भाग वेगळे आहेत. रूपांतर सुरू करायलाच फक्त तो भाग लागत नाही, ते टिकवायलाही तो सतत कामावर असावा लागतो. आणि तो भाग तापमानाने बिघडतो, म्हणजे ते बहुधा प्रथिन आहे. शिवाय संशोधकांच्या हातात एक बटण आलं. तापमान बदला, कर्करोग चालू. तापमान बदला, कर्करोग बंद. हे बटण पुढची वीस वर्षं पुन्हा पुन्हा कामी आलं.

जनुक नेमकं कुणाचं?

रूपांतराची क्षमता हरवलेले, पण बाकी व्यवस्थित वाढणारे विषाणूही सापडले. पीटर व्होग्ट आणि पीटर ड्यूसबर्ग यांनी दोघांचा आरएनए ताडून पाहिला तेव्हा रूपांतर न करणाऱ्या विषाणूचा आरएनए आखूड निघाला. जो तुकडा कमी होता तोच सार्क जनुक.

आता सॅन फ्रान्सिस्कोत मायकेल बिशप आणि हॅरॉल्ड व्हार्मस यांच्या गटाने प्रश्न विचारला: हा तुकडा विषाणूकडे आला कुठून? त्यांच्याकडे आलेल्या डोमिनिक स्टेहेलिन या फ्रेंच संशोधकाने वजाबाकी केली. राऊसच्या विषाणूच्या संपूर्ण आरएनएवरून किरणोत्सारी डीएनए प्रत बनवायची. मग ती आखूड विषाणूच्या आरएनएशी जुळवायची. जे जुळलं ते बाजूला काढायचं. जे शिल्लक राहिलं ते फक्त सार्कचं.

हा शोधक तुकडा घेऊन त्यांनी विषाणूची लागण न झालेल्या कोंबडीचा डीएनए तपासला. तिथे सार्क होतं. लाव्हा, टर्की, बदक, इतकंच नाही तर एमूमध्येही सार्कशी जुळणारा क्रम मिळाला. १९७६ साली हे छापून आलं. थोड्याच वर्षांत सस्तन प्राण्यांमध्येही, माणसातही, तेच दिसलं. म्हणजे सार्क हे विषाणूचं जनुक नव्हतंच. ते पेशीचं होतं, विषाणूने कधीतरी उचललेलं. एमू आणि कोंबडी यांचे पूर्वज फार जुन्या काळी वेगळे झाले. इतकी वर्षं जनुक टिकलं म्हणजे पेशीला त्याचं काहीतरी महत्त्वाचं काम असणार.

१९८९ साली बिशप आणि व्हार्मस यांना नोबेल मिळालं. स्टेहेलिन यांना मिळालं नाही आणि त्यांनी तसा जाहीर निषेध केला. निबंधाचे पहिले लेखक तेच होते. प्रयोग कुणाच्या हातांनी झाला आणि प्रश्न कुणाचा होता, हा वाद संशोधनात येणाऱ्या प्रत्येकाला आज ना उद्या भेटतो. त्यावर सोपं उत्तर नाही, पण असा वाद असतो हे माहीत असलेलं बरं.

प्रथिन सापडलं, ते एन्झाइम निघालं

जनुक मिळालं तरी ते काय करतं हे कळत नव्हतं. डेन्व्हरमध्ये रेमंड एरिक्सन यांच्या प्रयोगशाळेत जोन ब्रुगे यांनी सशांना राऊसच्या विषाणूने गाठी आणल्या आणि त्या सशांचा रक्तद्रव घेतला. गाठ असलेल्या सशाच्या शरीरात गाठीतल्या परक्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात. त्या प्रतिपिंडांनी रूपांतरित पेशींमधून एक प्रथिन ओढून काढलं. त्याचं वजन होतं सुमारे ६०,००० डाल्टन. साल १९७७.

पुढच्याच वर्षी मार्क कॉलेट आणि एरिक्सन यांनी या ओढून काढलेल्या गोळ्यात किरणोत्सारी फॉस्फरस असलेलं एटीपी घातलं. किरणोत्सार चिकटला तो प्रतिपिंडाच्याच जड साखळीला! म्हणजे गोळ्यातलं काहीतरी एटीपीवरचा फॉस्फेट गट उचलून शेजारच्या प्रथिनावर लावत होतं. अशा एन्झाइमला कायनेज म्हणतात. लागण नसलेल्या पेशी घेतल्या, किंवा रूपांतर न करणारा विषाणू वापरला, की ही क्रिया दिसत नव्हती. तापमानाने बिघडणारा म्युटंट उष्ण ठिकाणी ठेवला तर ती घटत होती. ते १९७०चं बटण इथे पहिल्यांदा मोठ्या कामाला आलं.

फॉस्फेट लावल्याने प्रथिनाची क्रिया बदलते हे क्रेब्ज आणि फिशर यांनी १९५०च्या दशकातच स्नायूंमधल्या एका एन्झाइमवर दाखवलं होतं. त्यामुळे सगळ्यांच्या डोक्यात लगेच प्रकाश पडला: एक कायनेज अनेक प्रथिनांवर फॉस्फेट लावू शकतं, मग एकाच जनुकामुळे पेशीत इतके बदल कसे होतात याचं उत्तर मिळालं की!

मिळालं, पण अर्धंच. आणि त्यात एक चूकही होती.

शिळं बफर

सार्क कोणत्या अमिनो आम्लावर फॉस्फेट लावतं? सुरुवातीचं उत्तर होतं थ्रिओनिन. त्या काळी कायनेज सेरीन किंवा थ्रिओनिनवर फॉस्फेट लावतात एवढंच माहीत होतं, आणि चाचणीत ठिपका थ्रिओनिनच्या जागी दिसत होता.

ही चाचणी अशी: प्रथिनाचे आम्लाने तुकडे करून एकेक अमिनो आम्ल सुटं करायचं आणि मग विजेच्या दाबाखाली पातळ थरावर पळवायचं. नेहमीचं बफर १.९ पीएचचं असायचं. कॅलिफोर्नियातल्या साल्क इन्स्टिट्यूटमध्ये टोनी हंटर १९७९ साली पॉलिओमा नावाच्या दुसऱ्याच विषाणूच्या प्रथिनावर हा प्रयोग करत होते. त्यांनी नवं बफर बनवण्याचा कंटाळा केला आणि जुनंच पुन्हा वापरलं. वापरून वापरून त्याचा पीएच १.७च्या आसपास उतरला होता. त्या दिवशी ठिपका सेरीनच्या जागी नव्हता आणि थ्रिओनिनच्याही नव्हता. तो तिसऱ्याच जागी होता.

१.९ पीएचला फॉस्फेट लागलेलं थ्रिओनिन आणि फॉस्फेट लागलेलं टायरोसिन एकाच जागी पोहोचतात. १.७ला ते वेगळे होतात. शिळ्या बफरने ते वेगळे करून दाखवले.

ही गोष्ट सांगून लोक म्हणतात, बघा, आळस फळला. मला ते पटत नाही. बफर शिळं होणं हा योगायोग. पण तिसऱ्या जागचा ठिपका 'खराब झालेला प्रयोग' म्हणून फेकून न देणं, टायरोसिनवरही फॉस्फेट बसू शकेल असा विचार करणं, तसं अमिनो आम्ल मुद्दाम तयार करून ते शेजारी पळवून पाहणं, हे काम आळशी माणसाचं नाही.

मग हंटर आणि बार्ट सेफ्टन यांनी सार्क पुन्हा तपासलं. १९८० साली छापलेला निष्कर्ष: सार्क टायरोसिनवर फॉस्फेट लावतं. साध्या पेशींत फॉस्फेट लागलेल्या सगळ्या अमिनो आम्लांपैकी टायरोसिनचा वाटा असतो सुमारे ०.०३ टक्के. सार्कने रूपांतरित केलेल्या पेशींत तो आठ-दहा पट होतो. इतकी दुर्मीळ गोष्ट आधी कुणाला दिसली नाही यात नवल नाही.

याला एक शेपूट आहे. हंटर यांनी ज्या पॉलिओमा प्रथिनात ही क्रिया पाहिली होती, ते प्रथिन स्वतः कायनेज नव्हतंच. १९८३ साली सारा कोर्टनिज आणि ॲलन स्मिथ यांनी दाखवलं की ते प्रथिन पेशीतल्या सार्कला धरून ठेवतं आणि प्रतिपिंडाने ओढलं की सार्कही सोबत येतं. म्हणजे पहिल्या दिवसापासून ती क्रिया सार्कचीच होती. प्रतिपिंडाने ओढलेल्या गोळ्यात तुम्हाला हवं ते प्रथिन एकटं कधीच येत नाही. हे वाक्य वहीत लिहून ठेवा.

साधं सार्क आणि बिघडलेलं सार्क

पेशीचं स्वतःचं सार्क असताना आपल्या सगळ्यांना कर्करोग का होत नाही? पेशीच्या सार्कला सी-सार्क आणि विषाणूच्या सार्कला व्ही-सार्क म्हणतात. १९८३पर्यंत दोघांचे क्रम वाचून झाले होते. कोंबडीच्या सी-सार्कमध्ये ५३३ अमिनो आम्लं आहेत. व्ही-सार्कमध्ये त्याची शेवटची १९ जाऊन भलतीच १२ आली आहेत.

त्या हरवलेल्या शेपटात ५२७ क्रमांकाचं टायरोसिन आहे. १९८६ साली कळलं की सी-सार्कमध्ये तिथे फॉस्फेट बसलेला असतो. असा फॉस्फेट असला की शेपूट दुमडून सार्कच्याच दुसऱ्या भागाला चिकटते आणि एन्झाइम मिटून बसतं. तो फॉस्फेट बसवणारं एन्झाइम, सी-एस-के, जपानी संशोधकांनी शोधून काढलं. व्ही-सार्कला ती शेपूटच नाही, त्यामुळे ते सतत उघडं. सी-सार्कमधलं ते एकच टायरोसिन बदललं तरी ते पेशींचं रूपांतर करू लागतं.

इथे विषयाशी थेट संबंध असलेली गोष्ट येते. व्ही-सार्क आणि सी-सार्क यांच्यात प्रथिन किती आहे यापेक्षा ते चालू आहे की मिटलेलं, हा फरक मोठा आहे. फक्त मात्रा मोजली असती तर हे निसटलं असतं.

मग जनुकांचं काय?

आतापर्यंतचं सगळं फॉस्फेटबद्दल होतं. पण रूपांतरित पेशीत कोणती जनुकं चालू-बंद होतात, हा प्रश्न शेजारून समांतर चालला होता.

१९७५ साली ग्राऊडिन आणि वाइनट्राउब यांना राऊसच्या विषाणूने रूपांतरित झालेल्या तंतुपेशींत ग्लोबिनचा आरएनए दिसला. ग्लोबिन हे रक्तपेशींचं प्रथिन, तंतुपेशीत त्याचं काय काम? उलट १९७८ साली असं दिसलं की अशा पेशींत कोलॅजेन कमी बनतं आणि त्याचा आरएनएही कमी असतो. पेशीला आधाराशी बांधून ठेवणारं फायब्रोनेक्टिनही घटतं. पेशी गोल होऊन सुटी का पडते, याचा थोडा उलगडा इथे होतो. १९८७ साली सार्कमुळे ग्लुकोज आत घेणाऱ्या प्रथिनाचा आरएनए वाढतो हे कळलं. रूपांतरित पेशी साखर भराभर ओढतात हे १९७०पासून माहीत होतं, त्यामागचं एक कारण आता सापडलं.

पण या यादीत एक अडचण होती. अनेक दिवस रूपांतरित असलेल्या पेशीत बदल दिसला तर तो सार्कमुळे, की पेशी गोल झाल्यामुळे, की ती सतत विभागते म्हणून? इथे पुन्हा तापमानाचं बटण कामाला आलं. म्युटंट विषाणू असलेल्या पेशी उष्ण ठिकाणी ठेवायच्या, मग थंड करायच्या, आणि थोड्याच वेळात आरएनए काढायचा. पेशीचा आकार बदलायच्या आधी जे जनुक चालू झालं ते सार्कच्या जवळचं.

जनुकं शोधायची पद्धतही साधी होती. आरएनएवरून डीएनए प्रतींचा संग्रह बनवायचा, त्याच्या दोन सारख्या प्रती काढायच्या, एकीवर 'सार्क चालू' पेशींचा शोधक आणि दुसरीवर 'सार्क बंद' पेशींचा शोधक टाकायचा. जो ठिपका एका बाजूला गडद आणि दुसऱ्या बाजूला फिकट, तो उचलायचा. आज आपण आरएनए सिक्वेन्सिंगने हजारो जनुकं एकदम मोजतो, पण तर्क तोच आहे.

१९८७ साली या मार्गाने दोन प्रयोगशाळांना, हिदेसाबुरो हानाफुसा यांच्या आणि एरिक्सन यांच्या, एकच जनुक सापडलं. त्याचं प्रथिन रक्तातल्या बिंबिकांच्या एका प्रथिनासारखं होतं. पुढे ते दाह निर्माण करणाऱ्या संदेशवाहक प्रथिनांच्या कुळातलं ठरलं.

त्याहून मोठी गोष्ट १९९१ची. डॅनियल सिमन्स यांनी एरिक्सन यांच्याकडे असताना व्ही-सार्कमुळे वाढणारी आणखी जनुकं शोधली होती. त्यातल्या एकाचा पूर्ण क्रम वाचला तेव्हा ६०३ अमिनो आम्लांचं प्रथिन निघालं. मेंढीतल्या प्रोस्टाग्लँडिन बनवणाऱ्या एन्झाइमशी ते ५९ टक्के जुळत होतं. प्रोस्टाग्लँडिन म्हणजे ताप, वेदना आणि सूज यांच्याशी जोडलेली रसायनं. ॲस्पिरिन त्यांचंच उत्पादन रोखतं, हे जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवलं होतं. पण ५९ टक्के म्हणजे तेच एन्झाइम नव्हे. हा त्याचा दुसरा प्रकार होता, ज्याला आज आपण कॉक्स-२ म्हणतो. त्याच वर्षी लॉस एंजेलिसमध्ये हार्वी हर्शमन यांच्या गटालाही उंदराच्या पेशींत ते स्वतंत्रपणे मिळालं. १९९८ साली मंजूर झालेलं सेलेकॉक्सिब हे औषध या कॉक्स-२वरच काम करतं. वेदनाशामकाचं लक्ष्य सापडलं ते कोंबडीच्या कर्करोगाचा पाठलाग करताना.

त्या निबंधातली माझी आवडती माहिती मात्र वेगळी आहे. शांत पेशींत कॉक्स-२चा आरएनए कमी होता, पण अगदी नव्हता असं नाही. जो होता त्यातला बहुतेक निरुपयोगी होता, कारण त्यातला एक मधला तुकडा, इंट्रॉन, कापलाच गेला नव्हता. त्यामुळे त्यावरून पूर्ण प्रथिन बनू शकत नव्हतं. पेशीला वाढीचा इशारा मिळाला की तो तुकडा कापला जायचा आणि कामाचा आरएनए तयार व्हायचा. म्हणजे जनुक हजर, आरएनए हजर, तरी प्रथिन नाही. नुसता आरएनए मोजून 'प्रथिन आहे' असं लिहिणाऱ्यांनी हे उदाहरण भिंतीवर लावावं.

मधला दुवा

एक दुवा अजून राहिला. सार्क असतं पेशीच्या आवरणाला आतून चिकटलेलं. जनुकं असतात केंद्रकात. निरोप तिकडे नेतं कोण?

एक वाट १९८६ साली दिसली. पेशीतल्या रास या प्रथिनाला रोखणारं प्रतिपिंड पेशीत टोचलं की सार्क रूपांतर करू शकत नाही. म्हणजे निरोप रासमार्गे जातो. दुसरी वाट १९९५ साली रिचर्ड जोव्ह यांच्या गटाने दाखवली. सार्कने रूपांतरित केलेल्या पेशींत स्टॅट-३ हे प्रथिन डीएनएला जास्त प्रमाणात चिकटतं. स्टॅट-३ एरवी पेशीद्रव्यात असतं. त्याच्या एका टायरोसिनवर फॉस्फेट बसला की दोन स्टॅट-३ जोडीने केंद्रकात जातात आणि ठरावीक जनुकं चालू करतात. १९९८ साली स्टॅट-३ला अडवलं तर व्ही-सार्कचं रूपांतरही अडतं हे सिद्ध झालं.

हा शेवटचा प्रयोग फार महत्त्वाचा. स्टॅट-३ वाढलेलं दिसणं ही फक्त सोबत असल्याची खूण. त्याला काढल्यावर परिणाम थांबणं हा ते आवश्यक असल्याचा पुरावा.

माणसात

माणसाच्या गाठींमध्ये सार्क जनुकात बदल फार क्वचित सापडतो. पण १९८७ साली जोसेफ बोलेन यांच्या गटाने मोठ्या आतड्याच्या कर्करोगात सार्कची कायनेज क्रिया शेजारच्या निरोगी अस्तरापेक्षा वाढलेली दाखवली. पुन्हा तोच धडा: डीएनए वाचून इथे काही कळलं नसतं, क्रिया मोजावी लागली. २००६ साली मंजूर झालेलं डासाटिनिब सार्कला रोखतं, पण ते वापरलं जातं मुख्यतः एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगात, कारण ते त्या आजाराच्या मुळाशी असलेल्या बीसीआर-एबीएल या दुसऱ्या कायनेजलाही रोखतं. आतड्याच्या किंवा स्तनाच्या गाठींमध्ये एकट्या सार्कला रोखून तसं यश आलेलं नाही. रास आणि स्टॅट-३ यांच्याकडे जाणाऱ्या वाटा अनेक आहेत, हे एक कारण.

निबंध वाचताना

तर पुढच्या वेळी 'अमुक एन्झाइममुळे जनुकांची अभिव्यक्ती बदलते' असं वाचलं की चार प्रश्न विचारा.

१. एन्झाइमची मात्रा मोजली आहे की क्रिया? ५२७ क्रमांकाचं टायरोसिन आठवा.

२. बदल किती वेळाने पाहिला? तीन दिवसांनी पाहिलेल्या बदलात एन्झाइमचे थेट परिणाम आणि त्या परिणामांचे परिणाम मिसळलेले असतात. मार्टिनच्या म्युटंटसारखं बटण त्यांच्याकडे आहे का? आज ते काम औषधाने किंवा मुद्दाम निष्क्रिय केलेल्या एन्झाइमने करतात.

३. आरएनएबरोबर प्रथिनही मोजलंय का? कॉक्स-२चा न कापलेला इंट्रॉन आठवा.

४. मधला दुवा काढून पाहिलाय का? स्टॅट-३ नुसतं वाढलेलं दाखवलं की ते अडवल्यावर काय होतं तेही दाखवलं?

चारही प्रश्नांची उत्तरं एकाच निबंधात क्वचित मिळतात, आणि त्यात लेखकांचा दोष असतोच असं नाही. सार्कच्या बाबतीतही ही उत्तरं वेगवेगळ्या शहरांतल्या, वेगवेगळ्या दशकांतल्या लोकांनी दिली. पण कोणतं उत्तर अजून मिळालेलं नाही हे तुम्हाला सांगता आलं, तर तुमच्या संशोधन प्रस्तावाचा पहिला परिच्छेद तयार आहे. प्रवेशाच्या मुलाखतीतही नेमकं हेच विचारतात: या निबंधात काय नाही?

पुढच्या लेखात आयडीएच नावाच्या एन्झाइमकडे वळू. ते प्रथिनांवर फॉस्फेट लावत नाही. बिघडलं की एक भलतंच रसायन बनवतं, आणि त्या रसायनामुळे डीएनएवरच्या खुणा बदलतात. हे चार प्रश्न तिथेही सोबत घेऊन या.